दोन कुदळी खोल

गवत काढायचं असतं, लावायचं नसतं, असं माझ्या वडिलांचं ठाम मत. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या बागेचे ते हेडमाळी होते. कालव्याचं पाणी हवं तेवढं, हाताखाली सहा माणसं, आणि एक काडी गवत दिसलं तर त्या सहाही जणांचा उद्धार. आई गेल्यावर मी आबांना बंदराजवळच्या द्रोणागिरीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. सातवा मजला, खिडकीतून दिसणार कंटेनरचे ढीग, आणि पाणी टँकरचं.

लेकीच्या घरी राहायचं या कल्पनेनंच ते अर्धे झाले होते. जेवताना दुसरी भाकरी घेत नसत. "बास," म्हणायचे. मला असा संताप यायचा! अहो, मी काय परकी आहे? पण संताप काढायचा कुणावर? दिवसभर खुर्चीत बसून ते स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. हात रिकामे राहिले तर हा माणूस संपणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं. गेटजवळचं लॉन पाण्यावाचून मेलं होतं आणि चेअरमनना तिथे पेव्हर ब्लॉक टाकून आणखी चार गाड्या लावायच्या होत्या. मी म्हटलं, एक वर्ष द्या, बिनपाण्याची बाग करून दाखवते. शोभेची गवतं लावू. एकदा रुजली की पावसावर वर्षानुवर्षं जगतात, वर्षातून एकदा छाटायची, बस्स, नो टेन्शन. "मॅडम, गवत तर असंच उगवतं की," चेअरमन म्हणाले. सगळे खो खो हसले. पण वर्ष मिळालं.

आबाही हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. "हेडमाळी गवत लावतोय म्हंजे काय म्हनत्याल गं लोकं!" पण नर्सरीत आले. वाळा घेतला, जांभळ्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास घेतलं, पांढऱ्या पट्ट्यांचं आणखी एक घेतलं. प्रत्येक पिशवी उलटी करून मुळं बघितली आणि नर्सरीवाल्याला चार शब्द सुनावले. मी बाजूला उभी राहून ऐकत होते, आणि मला रडू येत होतं. हे माझे आबा होते.

मे महिन्यात खणायला घेतलं. मी म्हटलं, वीतभर पुरे, गवत आहे, आंबा नाही. ऐकतायत कशाला! "दोन कुदळी खोल खणल्याबिगर मी झेंडूबी लावला न्हाई कधी." कारखान्यावरची तीच रीत. वरची माती एका अंगाला, खालची दुसऱ्या अंगाला, मग खालची वर आणून एकजीव करायची. इथे वर मुरमाचा भराव होता. तो फुटला तशी खालून काळपट, चिकट माती निघाली. चिमटीत चोळून बघताना त्यांचा चेहरा फुलला. "बघ, काळी हाय! खाली सोनं, आन् ही मंडळी वर मुरूम टाकून बसल्यात." आठवडाभर रोज सकाळी खणत होते. दोन भाकऱ्या आणि वर भात खात होते.

पावसात सगळं रुजलं. दसऱ्याला तुरे आले. खाडीवरचा वारा सुटला की गेटपासून कोपऱ्यापर्यंत सगळा पट्टा एका बाजूला कलायचा. बायका तिथे उभ्या राहून फोटो काढायच्या. चेअरमन तर पाहुण्यांना आमचं लँडस्केपिंग म्हणून दाखवायला लागले, कमाल आहे की नाही! आबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून खाली जायचे.

दिवाळीनंतर पाऊस पार संपला आणि पात्यांची टोकं करपायला लागली. थंडीत ही गवतं पिवळी पडतातच, मी म्हटलं. मग मातीवर पांढरी साय धरली. आबा म्हणाले बुरशी आहे, मग म्हणाले तहान लागलीय. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची आणि उरलेली अर्धी लिफ्टनं खाली न्यायची, असा त्यांचा नेम सुरू झाला. जितकं पाणी घातलं तितकी साय वाढली. फाउंटन ग्रास आधी गेलं. वाळ्यानं बराच तग धरला, मग तोही गेला. ओढलं की अख्खा गड्डा हातात यायचा.

एके दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावचे एक म्हातारे आले. आमची सोसायटी त्यांच्याच जुन्या भातशेतावर उभी आहे आणि इथले दोन फ्लॅट त्यांचे आहेत. ते उकिडवे बसले, बोटाला माती लावून चाखली आणि थुंकले.

"खार हाय. यवरा खोल कोनी खनला? आमचा बाप हितं भात करायचा, पन कुदल कदी खाली घातली नाय. वरची माती नुसती खरवडायची. खालचा खार उठवला का जमीन मेलीच."

आबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधी मीच बोलले, "मी खणलं, काका. मोबाईलवर बघून."

म्हातारे हसले. "तरीच! शिकलेल्या मान्साचा काम!"

आबांनी तोंड मिटलं.

घरी आल्यावर ते कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "खणलं मी."

"माहितेय हो. पण त्यांच्यापुढं तुमचं कशाला..."

"सायबापुढंबी मी चुकलो तर चुकलो म्हणून सांगितलंय. आज तू मला शेंबडं पोर केलंस."

"तुमच्यासाठीच केलं ना!" मी ओरडले.

"व्हय. माझ्यासाठीच." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांना बोलू दिलं असतं तर काय झालं असतं, हे मी आता रोज घोकते. ते म्हातारे आबांवरही हसले असते, हसू देत. मग दोघं तिथंच बसले असते, कालव्याची माती आणि खाराची माती यावर तासभर वाद घातला असता, आणि खारात कुठलं गवत तगतं तेही कदाचित कळलं असतं. मी एका वाक्यात सगळं बंद केलं. मूर्ख मी, दुसरं काय.

वर्ष संपायच्या आत पेव्हर ब्लॉक आले. आबा बघायला गेले नाहीत. चहा घेणार का विचारलं तर म्हणतात, "तू म्हणशील तसं." पंखा लावू का? "तू म्हणशील तसं." परवा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वाकून प्रेमानं विचारलं, "आजोबा, कुठं दुखतंय?"

आबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "हिला इचारा."