बाहुलीच्या घराला अर्थिंग

रिटायर झालेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. औषधाच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से मात्र कोणी नेत नाही, उलट जो येतो तो त्यात भर घालून जातो! गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर पंधरा दिवसांत एवढे साठले, की आता सांगून मोकळं झालेलं बरं.

आधी माणसं सांगतो. मी नाना. वालचंदनगरला कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये उभा जन्म गेला. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, ते आमचं काम. दत्तोबा पेंटर, राहणार निरवांगी. उस्मानभाई वायरमन. तिघंही एकाच वर्षी रिटायर झालो. आता माझ्या कळंबच्या घरी रोज चार वाजता चहाला जमतो. चहा करणारी माझी बायको सुमन. आम्ही तिघं मिळून जेवढं बोलतो, तेवढं ती एका वाक्यात बोलते.

*

माझी नात अन्वी बारामतीला असते. वय वर्षं नऊ. सुट्टीला आली ती एक खोकं पोटाशी धरूनच. आत बाहुलीच्या घराचा किट. दोन मजले, पातळ लाकडाच्या पाट्या, रंगाच्या डब्या, केसासारख्या वायरी, तांब्याची चिकटपट्टी आणि हरभऱ्याएवढे दिवे. सगळं आपण जोडायचं, आपण रंगवायचं, आपणच लाइट फिटिंग करायचं.

"पप्पांनी नाही का करून दिलं?" मी विचारलं.

"पप्पा जिन्यावर चढले."

"कुठल्या जिन्यावर?"

"बाहुलीच्या. खाली ठेवला होता. दिसला नाही त्यांना."

जावईबापू इंजिनिअर आहेत. पण कॉम्प्युटरचे, त्यामुळे मी काही बोललो नाही.

"आजोबा, तुम्हाला येतं का हे? नसेल येत तर तसं सांगा. मी रागवणार नाही."

माझ्या हातच्या नमुन्यांवरून चार-चार टनांचे भाग ओतले गेलेत! मी म्हटलं, "बाळा, तू रविवारी बारामतीला जा. मग पंधरा दिवसांनी, रविवारीच ये. घर उभं असेल, लाइट लागलेली असेल." शब्द देऊन बसलो. मग त्या दोघांना फोन केले.

*

पहिलं काम जिन्याचं. मोडक्या तुकड्यांवरून माप घेतलं, सागाची फळी काढली, माझी जुनी पट्टी काढली आणि दोन दिवस बसून नवा जिना केला. पायरी न् पायरी अशी, की दत्तोबानं चष्मा कपाळावर सरकवून हात फिरवला.

बसवायला गेलो तर शिरेना! चार मिलिमीटर लांब.

मी पुन्हा मोजला. बरोबर. मोडका मोजला. तो आखूड. तिसऱ्यांदा मोजताना पट्टीकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. ती आमची पॅटर्न शॉपची पट्टी! ओतलेलं पोलाद गार होताना आकसतं, म्हणून नमुना मुद्दाम थोडा मोठा करतात. त्यासाठी त्या पट्टीवरचा सेंटिमीटरच जरा मोठा असतो. मोडके तुकडे मी मोजले होते साध्या टेपनं आणि नवा जिना बेतला होता या पट्टीनं.

सुमन कपबश्या घेऊन आली. तिनं एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"असू द्या हो. गार होऊ द्या त्याला. आकसला की बसंल!"

*

रंगाचं खातं दत्तोबाकडं. मी दुपारी जरा आडवा झालो. उठून बघतो तर अख्खं घर तांबडं! भिंती, छप्पर, खिडक्यांच्या चौकटी, सगळीकडे रेड ऑक्साइड.

"दत्तोबा, हे काय केलंस?"

"प्रायमर हाय. त्याच्याबिगर रंग टिकत न्हाय. गंज धरतो."

"लाकडाला?"

दत्तोबानं ब्रश खाली ठेवला. नखानं भिंत खरवडून बघितली.

"व्हय की. लाकूड हाय न्हवं हे!"

तीन दिवस पॉलिश पेपर घासत बसलो तिघं. अजूनही माडीवरच्या भिंतीला खिडकीपाशी थोडा तांबडा रंग दिसतो. अन्वीला आम्ही तो सूर्यास्त आहे म्हणून सांगितलंय.

*

मग आली जमिनीची पाळी. जमिनीला आणि घासून आखूड केलेल्या जिन्याला सागवानी पॉलिश द्यायचं होतं. किटमधली बाटली सुकून खडखडीत झालेली. सुमन म्हणाली, "चहाचं पाणी लावा." तिनं पातेलंभर पाण्यात मूठभर पावडर घालून पाऊण तास उकळलं. एक हात दिला की फिक्कट, तीन हात दिले की साग! इतका सुंदर रंग आला, की मी मनातल्या मनात बायकोला अस्सल सागाचं सर्टिफिकेट देऊन टाकलं. उघड दिलं नाही. डोक्यावर बसली असती.

पण जिथं मी आधी गोंद लावून पाट्या चिकटवल्या होत्या, तिथं रंग धरेना. नुसते पांढरे ठिपके. आधी रंग, मग गोंद, हा क्रम एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर मी विसरलो होतो. दत्तोबाला मात्र ठिपक्यांचं काही नव्हतं. तो पातेल्यात डोकावून बघत होता.

"वैनी, इतक्या वर्सांत पयल्यांदा कडक च्या केला तुमी. आन् त्यो बी प्यायचा न्हाय म्हंता!"

दुसऱ्या दिवशी त्याला गरम पाणी मिळालं. कपबशीतून.

*

शनिवारी अन्वीनं व्हिडिओ कॉल लावला. घर ओसरीवरच्या टेबलावर होतं. दत्तोबा एकदम गंभीर होऊन म्हणाला, "नाना, एक घोळ झालाय. मी काय बोललो न्हाय इतके दिवस. दार दक्षिणेला आलंय."

आम्ही चपापलो. खरंच दक्षिणेला होतं.

फोनमधून अन्वी म्हणाली, "आजोबा, मग टेबल फिरवा ना."

सुमननं टेबल फिरवलं. दार पूर्वेला आलं. दत्तोबा त्या टेबलाकडे बघतच राहिला.

"माज्या घराचा दरवाजा बदलाया मी भिंत पाडली हुती," तो म्हणाला.

*

आता उस्मानभाई. त्यांचं सगळ्यात शेवटी सांगतोय, कारण वायरिंग द्यायला मीच घाबरत होतो.

दोन वर्षं झाली, उस्मानभाईंचे हात थरथरतात. मागच्या दिवाळीत शेजारच्यांचा बोर्ड बसवताना एक वायर सैल राहिली, ठिणग्या उडाल्या. कोणाला काही झालं नाही, पण गल्लीतली पोरं हसली. त्या दिवसापासून या माणसानं हत्यारांच्या पिशवीला हात लावला नव्हता, आणि स्कूटरची चावीही मुलानं, इक्बालनं, आपल्याकडे घेतली होती. त्या इक्बालचा मला मुद्दाम फोन आला.

"काका, अब्बांना हे काम नका देऊ. आता परत चुकलं तर माणूस घराबाहेर पडायचा न्हाय."

मी म्हटलं, "अरे, दोन पेन्सिल सेलवर चालतं ते. कसला धोका?"

"करंटचं न्हाय म्हणत मी, काका."

मला कळलं होतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या. वायरिंग मी स्वतः करून टाकू शकलो असतो. पण उस्मानभाई दुसऱ्या दिवशी आले ते हत्यारांची पिशवी घेऊनच. मी टेबल पुढं सरकवलं.

बसले आणि पहिला प्रश्न, "अर्थिंग कुठं द्यायचं?"

"उस्मानभाई, दोन सेल हायत," दत्तोबा म्हणाला.

"सेल असू दे की. घरात माणसं राहणार हायत ना?"

खऱ्या घराच्या अर्थिंगला खड्ड्यात घालतात तसं त्यांनी काडेपेटीत मीठ आणि कोळशाची पूड भरली, त्यात तांब्याची तार पुरली आणि पेटी घरामागं चिकटवली. जगात कुठल्या बाहुलीच्या घराला अर्थिंग असेल तर ते कळंबला आहे!

भिंतीला तांब्याच्या चिकटपट्टीच्या दोन रांगा लावायच्या आणि दिव्याचा एकेक पाय एकेका रांगेवर टेकवायचा, असं ते वायरिंग. एकेका दिव्याला त्यांना तासभर लागायचा. चिमट्यातून दिवा निसटायचा, फरशीवर टणटण जायचा, आम्ही तिघं गुडघ्यांवर शोधायचो. एकदा न राहवून मी हात पुढं केला.

"नाना, हात लावलास तर उठून जाईन."

मी हात मागं घेतला. शनिवारी संध्याकाळपर्यंत सहा दिवे लागले. माडीवरच्या खोलीतला सातवा किटमध्ये फुटूनच आला होता. त्याच्या बदली नवा अन्वी बारामतीहून आणणार होती.

*

रविवारी दहा वाजता अन्वी आली. घराभोवती एक फेरी मारली. खिडक्या उघडून बघितल्या, जिन्यावर बोट चालवलं. उस्मानभाईंनी सातवा दिवा बसवला. थरथरत, पण बसवला. एवढ्यात इक्बाल त्यांना न्यायला आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

अन्वीनं बटण दाबलं. सहा दिवे लागले. माडीवर अंधार.

उस्मानभाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. इक्बालनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली.

"हा दिवा खराब असेल," सुमन म्हणाली.

"न्हाय वैनी," उस्मानभाई म्हणाले. "मी सेलवर लावून बघितला आधी. दिवा चांगला हाय." त्यांनी मान वाकवून माडीच्या खोलीत बघितलं. मग दत्तोबाकडे बघितलं. "ही भिंत चमकती कशी?"

दत्तोबाचा चेहरा पडला. "काल तुमी गेल्यावर वार्निशचा येक हात मारला. लई मळकी दिसत हुती..."

सुमननं तोंडावर पदर धरला. तांब्याच्या पट्टीवर वार्निश! करंट दिव्यात शिरणार कसा?

आता ते खरवडायचं, तेही छपराखालच्या बोटभर फटीतून. दिवा काढला. मी सुमनची सुई घेतली आणि माझ्या पॅटर्न शॉपच्या स्थिर हातानं ती आत घातली. सुई टोचायची, नाहीतर घसरायची. वार्निश काही निघेना. दोनदा भिंतीला भोक पडलं.

"दे इकडं," उस्मानभाई म्हणाले.

सुई त्यांच्या हातात गेली आणि हात थरथरायला लागला. सुईचं टोक पट्टीला टेकलं आणि खरखरखर, खरखरखर असा बारीक आवाज सुरू झाला. एका लयीत, न थांबता. वार्निशची पिठासारखी पूड खाली पडली. तांबं उघडं पडलं. मग त्यांनी दिवा टेकवला.

माडी उजळली.

"मशीनसारखं केलं!" अन्वी ओरडली.

उस्मानभाईंनी सुई माझ्या हातात परत दिली. "तुजा हात स्थिर हाय, नाना. म्हणून त्याला हे जमत न्हाय."

दत्तोबा एवढ्या जोरात हसला, की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मीही हसलो. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली, ते लपवत बसलो नाही.

इक्बाल हसला नाही. चहासुद्धा घेतला नाही त्यानं. उस्मानभाईंनी पिशवी आवरली, अन्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं अंगणात गेले. आम्ही ओसरीवरून बघत होतो. इक्बाल स्कूटरपाशी थांबला. खिशातून चावी काढली, वडिलांच्या हातात ठेवली आणि आपण मागं बसला.