परवाचं ऊन

आमच्या मच्छीमार संस्थेच्या वेबसाइटवर हवामानाची छोटी चौकट मीच बसवली होती. अंदाजाचं चित्र दर वेळी नव्याने आणायला वेळ लागायचा, म्हणून एकदा आणलेलं चित्र साठवून तेच दाखवायची सोय मी केली. वेबसाइट झटकन उघडू लागली. जुनं चित्र काढायचं कधी, हे ठरवायचं मात्र राहूनच गेलं.

त्या दुपारी शेजारच्या हिराकाकूंनी बोंबील वाळत घातले होते. त्यांनी विचारलं, "ढग धरलेत रे. काढून घेऊ का?"

मी वर पाहिलंसुद्धा नाही. मोबाईल त्यांच्यापुढे धरून म्हणालो, "लख्ख ऊन आहे काकू, हे बघा."

जन्मभर आभाळ बघून मासळी वाळवणाऱ्या बाईंनी माझ्या चित्रावर विश्वास ठेवला. अर्ध्या तासात अवकाळी सर कोसळली. चित्रातलं ऊन परवाचं होतं.

अडाण्यालाही डोक्यावरचं आभाळ दिसतं. मला फक्त माझी हुशारी दिसत होती, आणि तीही शिळी.

भिजलेले बोंबील गोळा करायला मी वाकलो. काकूंनी टोपली बाजूला ओढली.

"राहू दे. हात खराब होतील तुझे."