माणूस नसलेले फोटो

कोणाचा फोन हातात आला की मामा आधी चष्मा पुसतो, मग फोन पुसतो आणि मग फोन आणणाऱ्याकडे असं बघतो, जणू त्याने पेशंट फारच उशिरा आणलाय.

"किती दिवस झाले असं होतंय?"

उत्तर काहीही असो, पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि तोवर तुम्ही काय करत होतात?"

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होता. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्याला भारीतला स्मार्टफोन दिला आणि आमच्यावर ही वेळ आणली. तळमजल्यावरच्या न्हाव्याने त्याला एकदा चेष्टेत 'इंजिनिअर' म्हटलं. मामाने ते मनावर घेतलं. चेष्टा समोरच्याने मनावर घेतली की चेष्टा करणाऱ्याचीच पंचाईत होते, त्यामुळे आता न्हावीसुद्धा त्याला अदबीने इंजिनिअर म्हणतो आणि अर्धवट दाढी सोडून त्याचं ऐकून घेतो.

त्याच्या सूचना आम्हाला पाठ आहेत. बॅटरी ऐंशी टक्के झाली की चार्जर काढायचा. त्यासाठी तो शहात्तर टक्क्यांपासूनच प्लगजवळ उभा राहतो, दूध उतू जाईल म्हणून गॅसजवळ उभं राहावं तसा. पासवर्ड सगळीकडे एकच ठेवायचा, म्हणजे विसरत नाही. आणि तरी विसरलाच तर असावा म्हणून तो वायफायच्या डब्यावर चिकटपट्टीने लावून ठेवायचा. आमच्याकडे एकदा चहाला आलेल्या माणसालासुद्धा तो पाठ झालाय. उघडी ॲप दर तासाला झाडून बंद करायची. ती सारखी पहिल्यापासून उघडण्यात फोन उलट जास्त दमतो, हे मी एकदा बोलून बघितलं.

"तू कविता शिकतेस ना?" मामा म्हणाला. "मग कविता शीक."

पण न्याय केला पाहिजे. दहांतले सहा फोन मामाच्या हातून बरे होतात. दहांतले सहा फोन नुसते बंद करून चालू केले तरी बरे होतात, ही गोष्ट वेगळी.

आई शिवणकाम करते. तिची मापांची एक जाड वही होती, वीस वर्षांची. मामाने मागच्या वर्षी ती रद्दीत घालायला लावली. "कागद भिजतो, जळतो, उंदीर खातात. फोटोला उंदीर लागलेला ऐकलायस कधी?" तेव्हापासून आई गिऱ्हाइकाचं माप चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठीचा फोटो काढायची आणि चिठ्ठी फाडून टाकायची. मला ते पटत नव्हतं. पण थोरल्या भावाचा शब्द आईने कधी खाली पडू दिलेला नाही, पडण्याजोगा असला तरीही.

या वर्षी तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं. नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या एकतीस मुलींचे गणवेश. तिथल्या मेट्रनबाई दरवर्षी तयार गणवेश मागवायच्या आणि मुली वर्षभर बाह्या दुमडून फिरायच्या. आईने त्यांना सांगितलं होतं, "एकेकीच्या मापाचा शिवून देते. एकीची तक्रार आली तर पुढच्या वर्षी बोलावू नका." एकतीस मापं घेतली, एकतीस फोटो काढले, एकतीस चिठ्ठ्या फाडल्या. पांढऱ्या कापडाचे तागे घरात येऊन पडले.

आणि मंगळवारी सकाळी आईच्या फोनने जागा संपल्याचं सांगितलं. आईने तो भावाच्या हातात दिला आणि बटणं आणायला गेली.

ती परत आली तेव्हा मामा आमच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. "बघ, कसा पळतोय आता! चौदाशे फोटो होते. मी एकशे नव्वदवर आणले."

"कुठले काढलेस?"

"माझा साधा नियम आहे. माणूस नसलेला फोटो म्हणजे कचरा. माणसं सगळी ठेवली आहेत." तसं त्याने खरंच केलं होतं. त्याचा स्वतःचा डोळे मिटलेला, अंगठा आडवा आलेला फोटोसुद्धा शाबूत होता.

आईने बटणांची पुडी मशीनवर ठेवली. "दादा, मापांचे फोटो?"

"कसली मापं?"

"चिठ्ठ्यांचे होते ते."

"त्यात माणूस कुठे होता?" मामा म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मी फोन ओढून घेतला. पुसलेले फोटो लगेच जात नाहीत, महिनाभर वेगळ्या कप्प्यात पडून असतात, एवढं मला ठाऊक होतं. तो कप्पा उघडला. रिकामा.

"तोही साफ केला," मामा म्हणाला. "केर काढून सुपलीत ठेवून देतो का आपण?"

"बॅकअप तर असेल? आपोआप दुसरीकडे एक प्रत जाते ती?"

"तो मी मागेच बंद केला. बॅटरी खातो."

मामाच्या तिन्ही सूचना अशा हातात हात घालून आमच्या खोलीत उभ्या होत्या. वही रद्दीत, प्रत बंद, कप्पा साफ. एकटी कुठलीही आली असती तर निभावलं असतं.

आई चिडली की ओरडत नाही. तिने कातर घेतली आणि तिला तेल घालायला बसली. मामाला ते तेल दिसलं, आणि तो घाईघाईने म्हणाला, "घाबरायचं नाही. एक व्हिडिओ आहे, दोन मिनिटांत गेलेले सगळे फोटो परत. फक्त एक ॲप घ्यायचं आणि त्यात आपला पासवर्ड..."

"मामा," मी म्हटलं, "त्या ॲपला आपला पासवर्ड हवाय तो आपल्या प्रेमापोटी नाही."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आई कातरीलाच म्हणाली. मग हात पुसून तिने मेट्रनबाईंना फोन लावला आणि मापं हरवली म्हणून सांगितलं. कोणामुळे, ते सांगितलं नाही. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "उद्या दुपारी एक ते दोन या वेळात मुली मोकळ्या आहेत. नंतर वॉर्डात जातील त्या थेट पुढच्या आठवड्यात भेटतील. तासात झालं तर ठीक. नाहीतर मी तयार गणवेश मागवते, वाईट वाटून घेऊ नका."

एका मुलीला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आईने हिशोब केला: खांदा, छाती, कंबर तिने घ्यायची, बाही आणि उंची मी. दोघींचे हात अडकलेले. लिहायला तिसरं माणूस हवं.

"मी आहे ना," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मोठ्या वर्गात मुली हजेरीच्या क्रमाने उभ्या राहिल्या. मामा पहिल्या बाकावर फोन उघडून तयार. "तक्ताच केलाय. आकडे टाकले की खाली आपोआप बेरीज येते."

"मापांची बेरीज घेऊन काय करू मी, दादा?"

रांगेतल्या दोन मुली फिसकन हसल्या. आईने त्याचा फोन त्याच्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि त्याच्यापुढे कोरी वही आणि पेन्सिल ठेवली. मामाने पट्टीशिवाय सरळ रेघा मारल्या आणि न विचारता रकाने पाडले.

"एक नंबर. खांदा चौदा," आई म्हणाली.

"चौदा."

"छाती चौतीस."

"चौतीस."

प्रत्येक आकडा तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. एवढंच. सूचना नाही, सल्ला नाही. पाचव्या मुलीपर्यंत आमच्या तिघांचा ताल जुळला. दहाव्या मुलीने "काका, माझी बाही जरा सैल सांगा हं" म्हटलं, तर त्याने वर न बघता शेरा लिहिला: बाही सैल. एकोणिसाव्या मुलीच्या वेळी आई घाईत म्हणाली, "कंबर सहासष्ट."

मामाची पेन्सिल उचललेलीच राहिली. "परत बघ."

"अरे, वेळ नाहीये..."

"काडीसारखी मुलगी आहे. सहासष्ट कशी असेल? परत बघ."

टेप उलटी फिरली होती. सेंटिमीटरची बाजू वर आली होती. सव्वीस होती कंबर. आईने टेप सुलट केली, आणि त्यानंतर मामाने हटकलं की ती मुकाट्याने परत मोजायची.

दोनला चार मिनिटं कमी असताना एकतिसावी मुलगी संपली. मेट्रनबाई दारात घड्याळ बघतच उभ्या होत्या. त्यांनी वही चाळली. पानभर आकडे, एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही.

"अक्षर काय सुंदर आहे हो! छापल्यासारखं." त्यांनी वही परत दिली. "पंधरा दिवसांत द्या मग गणवेश. आणि जाता जाता एक विचारू? आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर फार रडत रडत चालतो. तुमच्यात कोणाला कळतं का त्यातलं?"

मामाची पाठ ताठ झाली. मला ती पाठ माहीत आहे. त्याने श्वास घेतला.

"नाही," आई म्हणाली. ती खाली बसून फरशीवरच्या टाचण्या वेचत होती. "आमच्यात कोणाला नाही कळत. दादाचं अक्षर चांगलं आहे, तेवढं आहे."

एवढ्या वर्षांत तिने भावाबद्दल असं चारचौघांत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मामाने घेतलेला श्वास तसाच राहिला. तो आईकडे बघत होता, आणि ती टाचण्याच वेचत होती. मला वाटलं, आता हा बोलणार.

"हो," तो शेवटी मेट्रनबाईंना म्हणाला. "काही उतरवून घ्यायचं असेल तर सांगा. हाताने."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने हळूच हात पुढे केला. "फोन दे की माझा."

"कापड कापून होऊ दे," आई म्हणाली. "मग देते."