हातातली चांदी

माझी अंगठी उजळायला दिली होती, म्हणून सोनाराच्या दुकानात बसून होते. शेजारी एक आजी-आजोबा. आजींचे पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. सोनाराने ती अलगद कापून काढली. खाली पांढरे वळ दिसले, लग्नापासून ऊन न लागलेले. नवी जोडवी संध्याकाळी मिळणार होती.

“तोवर मोकळ्या पायांनी घरी जाऊ?” आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या. “तुम्ही असताना?”

आजोबांनी आपल्या बोटातली चांदीची सैल अंगठी काढली, खाली वाकले आणि ती आजींच्या पायाच्या बोटात सरकवली.

“अहो, हातातलं पायात घालताय! तेही चारचौघांत!”

“एका पायात तरी असू दे. चांदीच आहे गं, तिला चालतं.”

सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. चांदीला तेवढा मान कुणी दिला नाही. ती आपली झिजत, काळवंडत पायांशी राहिली. मला आजवर तिची कीवच यायची.

सोनाराने माझी अंगठी हातावर ठेवली. सोन्याची, लखलखीत. मनात आलं, हिला काही एवढं खाली वाकता येणार नाही.