पाशा कुणाच्या हातचं खातो

माझा भाऊ मिन्को वार्ना शहरात बस चालवायचा. त्याची बायको झ्लातिना समुद्रकाठच्या जलप्राण्यांच्या उद्यानात तरुणपणापासून कामाला. तिच्याकडे पाशा नावाचा म्हातारा सी-लायन, म्हणजे सीलसारखा मिशाळ समुद्रप्राणी होता. टाकीत जन्मला, टाकीतच वाढला. भिंतीपलीकडचा समुद्र त्याने नुसता ऐकला.

दादाला तो डोळ्यांसमोर नको असे. दादाच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, आम्ही सगळे जेवायला जमलो, तर वहिनी उशिरा उगवली, अंगाला मासळीचा वास.

"पाशाचं पोट बिघडलं होतं," ती म्हणाली.

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!" दादाने ताट सरकवलं.

"मिशा तरी त्याच्या तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत."

आम्ही हसलो. दादा नाही हसला. पुढे एकदा तो चोरून उद्यानात पाशाचा खेळ बघायला गेला आणि तिथून थेट माझ्याकडे आला. "दोन्का, ती त्याच्यासमोर खळखळून हसते गं. घरी कधी ऐकलंस?"

त्या हिवाळ्यात वहिनी पायऱ्यांवरून घसरली, खुबा मोडला. ती हॉस्पिटलात गेली आणि इकडे पाशाने खाणं सोडलं. कुणाच्याच हातचं घेईना.

"माझं जाकीट घालून तू जा," ती दादाला विनवायला लागली. "वासाने तरी खाईल."

"मी? त्याला भरवू?"

धुसफुसतच गेला. मी सोबत होते. पाशा कोपऱ्यात पडलेला. दादा काठावर उकिडवा बसला, बांगडा पुढे धरला. "खा मेल्या. माझा संसार खाल्लास, आता हाही खा."

पाशाने मान उचलली. जाकीट हुंगलं, मग दादाचा हात हुंगला, आणि खाल्लं. बादली रिकामी झाली तरी दादा उठेना.

बातमी ऐकून वहिनी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "लगेच खाल्लं?"

"लगेच म्हणजे... हो."

"माझी वाट नाही बघितली?"

"जाकीट तुझं होतं ना."

"उद्या जाकिटाशिवाय जा."

दादा तसा गेला. पाशाने तरीही खाल्लं. त्या दिवशी वहिनीने भिंतीकडे तोंड केलं ते आम्ही निघेपर्यंत वळवलं नाही.

वसंतात ती काठी टेकत कामावर परतली. पाशा ओरडत थेट तिच्यापाशी आला, पण मासा तोंडात धरून दाराकडे बघत राहिला. तिथे दादा उभा होता.

आता दादा रोज तिला सोडायला जातो. "कुंपणाबाहेर थांबायचं," वहिनी बजावते. तो थांबतो. पण ती बादली उचलायला वळली, की हळूच पाशाला शीळ घालतो.