मागचा नांगर

एखादं काम पटलं नाही की फोरमनचाचा भांडत नसत. त्या कामाच्या लोखंडी प्लेटवर गोणपाट टाकत, त्यावर बसत आणि हेल्मेट मांडीवर घेत. माणूस बसलेला असताना वेल्डिंग करणार कसं? अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या आमच्या बोटींच्या यार्डात उन्हाळ्यात प्लेटवर पाण्याचा थेंब पडला तर चर्र वाजायचं. चाचा मात्र बसून राहत. वय साठीच्या पुढे, गाव रत्नागिरीजवळच्या खाडीवरचं, आणि 'यस सर' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

कागदावर ते माझ्या हाताखाली होते. खरं तर शिकलो मी त्यांच्याकडून. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आमच्या गावाला पाणी टँकरने येतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून. आणि काम मिळालं बोटींच्या ड्रॉइंगचं! पहिल्याच दिवशी चाचांनी विचारलं, "पोहता येतं?" मी नाही म्हणालो. "बरं आहे. घाबरून तरी नीट काढशील."

आम्ही लँडिंग क्राफ्ट बांधायचो. जिथे धक्का नाही अशा बेटांवर ट्रक आणि सिमेंट नेणाऱ्या बोटी. अशी बोट सरळ वाळूवर चढते, पुढचा दरवाजा खाली पडतो आणि त्याचाच उतार होतो. चाचांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून एक जुनं चित्र चिकटवलेलं होतं: महायुद्धातली अशीच बोट, दरवाजातून कमरेएवढ्या पाण्यात उतरणारे सैनिक. त्यावर बोट ठेवून ते शिकवत. "तळ सपाट का? उथळ पाण्यात जायचंय म्हणून. पंखा तळातल्या बोगद्यात का लपवला? वाळूत तुटू नये म्हणून. आधी कुणीतरी चुकलं, मग हे सुधारलं. आणि तिथे चूक म्हणजे पोरं मरायची." शेवटी त्यांचं बोट थांबे ते मागून पाण्यात गेलेल्या एका तारेवर. किनाऱ्यावर चढण्याआधीच मागे टाकलेला नांगर. विंचने ती तार गुंडाळली की बोट स्वतःलाच परत पाण्यात खेचते. "घुसायला सगळेच शूर. निघणार कसा, ते आधी सांग."

एका बोटीच्या वेळी हे मागचं विंच यायला उशीर होणार होता आणि बोट देण्याची तारीख जवळ आलेली. मॅनेजर मला म्हणाले, "ड्रॉइंगमधून काढून टाक. पुढे नांगर आहे, इंजिनाला रिव्हर्स आहे." मला ते पटलं. पटलं नसतं तरी मी सही केलीच असती. नोकरी नवी होती.

दुसऱ्या दिवशी चाचा विंचच्या जागेवर बसलेले.

"चाचा, उठो. डेक बंद करना है," मॅनेजर म्हणाले.

"नहीं उठेगा, साब."

"आपका व्हिसा मेरे टेबल पे पड़ा है. मालूम है ना?"

"मालूम है. आप वो पकड़ के बैठो, मैं ये पकड़ के बैठता हूँ." त्यांनी प्लेटवर थाप मारली. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "इंजिनिअर, ही सही तुझी?"

"हो."

"हाताने केलीस की भीतीने?"

चाचा मॅनेजरना म्हणाले, "रेती पे चढ़ा के वापस निकालो. निकली तो मैं खुद उठेगा. खलास."

मॅनेजर रागारागात तयार झाले. बोट वाळूवर झोकात चढली, दरवाजा पडला, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात वायव्येचा वारा सुटला. मागून धरायला काहीच नव्हतं. बोटीचं शेपूट फिरलं आणि ती किनाऱ्याला आडवी झाली. रिव्हर्स टाकला तर पंख्यांनी वाळूच ओढली. मग ओहोटी लागली. दुसऱ्या भरतीला टगबोट आणून तिला ओढून काढावं लागलं. चाचा पँट दुमडून पाण्यात उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, 'बघितलंस?' ते एवढंच म्हणाले, "आत सैनिक नव्हते. नशीब."

विंच आलं, बसलं. चाचांच्या व्हिसाच्या कागदावर मात्र सही झाली नाही. वय झालं, असं कारण आलं. मी म्हणालो, "चाचा, मी बोलतो मॅनेजरशी."

"माझ्यासाठी नको. पुढच्या बोटीसाठी बोल." सामान बांधताना ते हसत होते. "माझा मागचा नांगर गावी टाकलेला आहे, बाबा. खाडीत होडी आहे. मला कोण अडकवणार?"

पुढच्या बोटीला दरवाजाच्या बिजागरीखाली लावायची जाड प्लेट मिळेना. पातळ चालेल, ड्रॉइंग बदल, असा निरोप आला. त्या बिजागरीवरून भरलेले ट्रक उतरणार होते. मी पेन खिशात ठेवलं, यार्डात गेलो आणि तिथे आणून ठेवलेल्या पातळ प्लेटवर बसलो. हेल्मेट मांडीवर घेतलं.

मॅनेजर आले. "तू भी?"

मी उठलो नाही. गोणपाट घ्यायचं मात्र विसरलो होतो. चाचा इतकी वर्षं कशावर बसत होते, ते मला त्या दुपारी कळलं.