भारंभार मीठ

कॅन्सरच्या दिवसांत माझा देवाशी अबोला होता, हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. धाकटीने मागच्या पत्रात विचारलंय, "आजी, एवढ्या मोठ्या आजारात तुझी श्रद्धा टिकली कशी?" खरं सांगायचं तर ती माझ्याकडे नव्हतीच. घरमालकिणीकडे होती. तिने ती माझ्या वतीने सांभाळली, आणि तीही किलोच्या हिशेबात.

एकोणीसशे साठच्या दशकाची अखेर होती. भाईंदरला एका आगरी कुटुंबाच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहायचो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, अंडंसुद्धा न खाणारे. तुमचे आजोबा मुंबईला कचेरीत जायचे, मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि घरात तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई असायच्या. माझ्या छातीत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सहा आठवडे शेक घ्यायला सांगितले. शेक म्हणजे किरणांचा उपचार. आम्ही सगळे पेशंट त्याला शेकच म्हणायचो. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर आजारपणाचं वेळापत्रक आखलं. दवाखाना, विश्रांती, पथ्य, वाचन, आणि सर्वांत शेवटी 'सायंकाळी सात ते सव्वासात, प्रार्थना'. त्या पंधरा मिनिटांत मी निरांजन लावून देवासमोर गप्प बसायची. मी उभ्या आयुष्यात मुलांच्या वह्या तपासायला उशीर केला नव्हता, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आधी त्याने खुलासा करावा, मग मी बोलेन, असा माझा बाणा होता.

आमची घरमालकीण जानाबाय साठीची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. गावाबाहेर त्यांचं मिठागर होतं आणि त्यावर तिची जातीने देखरेख असे. एके दिवशी अंगणातून तिने माझं वजन विचारलं. दवाखान्यातल्या कागदावर पन्नास किलो लिहिलं होतं, ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या समाधानाने सांगत आली की तिने गावदेवीला नवस बोललाय: बाईला बरी कर, बाईच्या भारंभार, तिच्या वजनाइतकं मीठ वाहीन, पन्नास किलो. मी तिचे आभार मानले आणि मनात म्हटलं, चला, हिची समजूत.

पण नवसात आकडा घालायचा नसतो, हे तिला गावातल्या बायकांनी मागाहून सांगितलं. नुसतं 'भारंभार' म्हणायचं, म्हणजे माणूस उतरला तर मीठही उतरतं. हिने आकडा बोलून स्वतःला आणि मला दोघींना बांधून घेतलं होतं. देवळातल्या भगताला विचारलं, तर तो म्हणाला, बोललेलं मागे घेता येत नाही. तराजूत बसवून तुला करताना बाई पन्नासाचीच भरली पाहिजे. तेव्हापासून दर रविवारी जानाबाय मला मिठागरावर नेऊन पोत्यांच्या वजनकाट्यावर उभी करायची. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. दर वेळी ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी देवीच्या मिठात हात घातलाय. मी समजावू पाहिलं की शेकांनी भूक मरते, तोंडाला लोखंडाची चव येते, माझा काही दोष नाही. ती म्हणाली, "ता माना कशाला सांगतेस? देवीला सांग." देवीशी बोलणं बंद होतं, हे तिला कसं सांगणार?

सासूबाईंनी नाना तऱ्हा केल्या. मऊ भात, पेज, मेतकूट, लाह्यांचं पीठ. त्या ताट पुढे करायच्या आणि मी पदर तोंडाला लावायची. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन चाळिसाच्या खाली गेलं तर शेक थांबवावे लागतील, आणि अर्धवट उपचाराचा भरवसा नाही. त्या रविवारी काट्याने एकेचाळीस दाखवले. मी उतरताना ठरवूनच टाकलं: उद्या डॉक्टरांना सांगायचं की पुरे झालं. वेळापत्रक वहीतून फाडायचं, एवढंच उरलं होतं. जानाबायला नवस सोडायला सांगावं म्हणून मी तिच्या मागोमाग मिठागरावरच्या झोपडीत गेले.

आत कामकरी बायका जेवायला बसल्या होत्या. निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजत होते. ज्या वासाला मी दहा वर्षं आमची खिडकी लावून घेत आले, तो वास नाकात शिरला आणि, बाळांनो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. महिनाभरात पहिल्यांदा. मी दारातच उभी राहिले. जानाबायने माझ्याकडे पाहिलं, निखाऱ्यांकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. तिने तांदळाच्या भाकरीवर बोंबलाचा तुकडा ठेवून माझ्यापुढे धरला.

"जानाबाय, आमच्यात चालत नाही गं," मी म्हटलं. आवाजात जोर अजिबात नव्हता.

"तुमच्यात भूक चालते का न्हाय?" ती म्हणाली. "देवीनं धाडलेली हाय ती. आलेल्या पाव्हन्याला जात कोन इचारतंय? खा मुकाट."

मी मुकाट खाल्लं. भाकरी संपली तेव्हा दुसरी मागितली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने विचारलं, बाई इंग्लिश शिकवतात त्याच का या? दुसरी म्हणाली, हो, पण खातात मराठीत. मी त्यांच्याबरोबर हसले, आणि मला उलटी झाली नाही.

सोमवारी मी डॉक्टरांना काहीच बोलले नाही. पुढचे दोन आठवडे दुपारी जानाबायच्या चुलीपाशी जेवायची आणि घरी येण्याआधी लवंग चघळायची. आजोबांना ठाऊक होतं. ते वर्तमानपत्रात तोंड लपवत. सासूबाईंना कळू नये म्हणून मी जपत होते. सोवळं पाळणाऱ्या त्या, कळलं तर हाय खातील, असं वाटायचं. एका संध्याकाळी त्या जपमाळ ओढत बसल्या होत्या. माळ न थांबवता, माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "काटे नीट काढून खातेस ना?"

सात वाजले होते. मी निरांजन लावलं, देवासमोर बसले आणि मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं. खुलासा मागायचा होता तो राहूनच गेला. काय बोलले ते आठवत नाही, पण सव्वासात वाजून गेले तरी मी उठले नव्हते.

शेक पुरे झाले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठीचा मागमूस नाही. वजन पन्नासावर आलं त्याच आठवड्यात जानाबायने तुला ठरवली. गावदेवीच्या अंगणात तुळईला दोराने मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मी बसले, दुसऱ्यात मीठ पडू लागलं. पंचेचाळीस किलो झाले आणि मिठाचं पारडं खाली गेलं. भगत आभाळाकडे बघू लागला. जानाबायचा चेहरा उतरला. आदल्याच दिवशी तिने मला वजनकाट्यावर पन्नास किलो भरताना पाहिलं होतं. ती माझ्या पारड्याभोवती एकदा फिरली, वाकली आणि माझ्या लुगड्याची कड उचलून पाहिली. दोर तुटेल या धास्तीने माझ्या उजव्या पायाची बोटं जमिनीवर घट्ट टेकलेली होती. मला पत्ताच नव्हता.

"बाई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "अर्धा भार देवीवर न अर्धा भुईवर, असा न्हाय चालत. पाय वर घे."

मी दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली. माझं पारडं एकदम खाली गेलं, मग हलकेच झोके घेऊ लागलं. जानाबाय ओंजळीओंजळीने मीठ घालत राहिली, बायका मोजत राहिल्या, सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि नुसती बसून राहिले.